पिकअपचं मागचं हाऊसिंग पिळतंय? घरच्या घरी ट्रॅक्शन बार असे बनवा

अमेरिकेत येऊन पहिल्यांदाच पिकअप ट्रक घेतलाय, मागे ट्रेलर लावलाय, आणि सिग्नलवरून निघताना मागून धडधडधड आवाज येऊन अख्खी गाडी थरथरते, अशांसाठी हे लिहितोय. ट्रॅक्शन बार म्हणजे मागचं हाऊसिंग (दोन मागच्या चाकांमधली आडवी पोलादी नळी) पिळू नये म्हणून त्याच्यापासून चासीपर्यंत लावलेला दांडा. मी या त्रासात सहा महिने काढले. एका गॅरेजवाल्याने शाफ्टचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे फिरते सांधे) बदलायला लावले, दुसऱ्याने ट्रान्समिशन उघडायची भाषा केली, आणि दुखणं निघालं पाट्यांमध्ये (लीफ स्प्रिंगमध्ये). माझी गाडी २००३ ची सिल्व्हराडो २५०० एचडी, ड्युरामॅक्स डिझेल. कंपनीचा यात काही दोष नाही, आधीच्या मालकाने गाडी उंच दिसावी म्हणून हाऊसिंग आणि पाट्यांच्या मध्ये ३ इंचाचे ठोकळे टाकले होते. ते काढल्यावर बराच फरक पडला, पण ट्रेलर लावला की उरलेली धडधड होतीच, म्हणून शेवटी बार बनवले.

आधी हे होतं कशामुळे ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या स्टेप्स नुसत्या पाठ कराल.

आमच्याकडे वाळव्याला ऊसाच्या हंगामात मामाचा ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढाला लागला की त्याचं तोंड वर उचलायचं. चाकाला पुढे फिरवायला जेवढा जोर लागतो तेवढाच जोर उलट दिशेने गाडीला मागे फिरवायला बघतो. पिकअपमध्ये तोच उलटा जोर मागच्या हाऊसिंगवर येतो आणि हाऊसिंगला धरून ठेवायला असतात फक्त पाटे. मग डिफरन्शियलचं (शाफ्टचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचं) नाक, जिथे शाफ्ट जोडलेला असतो ते, वर उचललं जातं आणि पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. टायरची पकड सुटली की पाटा सटकन परत सरळ होतो, पकड परत येते, परत वाकतो, आणि हे सेकंदात अनेकदा होतं. तीच ती धडधड. यात क्रॉस जातात, शाफ्ट जातो, कधी कधी पाट्याचं मुख्य पानच तुटतं.

जोर किती असतो बघा. माझ्या इंजिनाचा टॉर्क ५२० पाउंड-फूट, ॲलिसन गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.१०, मागच्या डिफरन्शियलचा रेशो ३.७३. गुणाकार केला की ६,००० पाउंड-फूट होतात. रिकाम्या गाडीत मागच्या चाकांवर वजनच कमी, त्यामुळे टायर त्याच्या निम्म्याच्याही आधी सुटतात, आणि म्हणून रिकाम्या गाडीत उड्या जास्त. ट्रेलर लावला की टायर सहजासहजी सुटत नाहीत, मग तो सगळा पीळ पाटा मुकाट सोसतो.

१. तुमच्या गाडीला पाटे आहेत का ते बघा

हे विचारायला लागतंय कारण सगळ्याच पिकअपना पाटे राहिलेले नाहीत. रॅम १५०० ला २००९ पासून मागे कॉइल स्प्रिंग आहेत, रॅम २५०० ला २०१४ पासून, टोयोटा टुंड्राला २०२२ पासून, आणि २०२४ नंतरच्या बहुतेक टकोमांनाही. होंडा रिजलाइनची तर मागची चाकं स्वतंत्र आहेत. कॉइलवाल्या गाडीत हाऊसिंग धरायला आधीच दांडे असतात, त्यांना हे काम लागू नाही. खाली वाकून बघा, हाऊसिंगच्या दोन्ही टोकांना एकावर एक पट्ट्या रचलेल्या दिसल्या तरच पुढे वाचा.

मग खात्री करून घ्या की खरंच पीळच आहे. चाकांच्या पुढे-मागे दगड लावा, हँडब्रेक ओढा, घरातल्या कुणालातरी ब्रेकवर पाय ठेवून हळूच थोडा थ्रॉटल द्यायला सांगा, एकदा ड्राइव्हमध्ये, एकदा रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला लांब उभे राहा, गाडीच्या पुढे-मागे किंवा खाली अजिबात नाही, आणि मोबाइल आधीच जमिनीवर व्हिडिओ लावून ठेवा. ड्राइव्हमध्ये नाक वर जाताना आणि रिव्हर्समध्ये खाली जाताना दिसलं की झालं निदान. हा व्हिडिओ जपून ठेवा, शेवटी तुलनेला लागतो.

२. बार बनवायच्या आधी जुनी दुखणी काढा

इथेच सगळे घाई करतात. यू बोल्ट (पाटा हाऊसिंगला बांधणारे) ढिले असतील, पाट्याच्या पुढच्या डोळ्यातलं (टोकाच्या भोकातलं) बुश संपलं असेल, एखादं पान तुटलेलं असेल, सेंटर बोल्ट (सगळी पानं एकत्र धरणारा) कातरला असेल, तर बार लावून ते दुखणं फक्त झाकलं जातं आणि पुढे भलत्याच ठिकाणी बाहेर येतं. टॉर्क रेंचने यू बोल्ट तपासा, आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या. यू बोल्ट एकदा काढलेत तर परत तेच वापरू नका, ते ताणले गेलेले असतात. ठोकळे असतील तर काढा, किंवा कमी उंचीचे करा, ठोकळा जेवढा उंच तेवढी पाट्यावरची तरफ लांब. दोन ठोकळे एकावर एक ठेवलेली गाडी असेल तर बार विसरा, आधी ते काढा, ते धोकादायक आहे.

३. कुठल्या प्रकारचा बार

तीन प्रकार बघायला मिळतात. पहिला आखूड बार, पाट्याखाली बांधलेला, पुढे रबराचा ठोकळा, जो पीळ आला की पाट्याच्या डोळ्याखाली टेकतो. जुन्या रेसिंग गाड्यांना चालायचा, ओझं ओढणाऱ्या ट्रकला पुरत नाही. दुसरा शिडीसारखा बार, हाऊसिंगला दोन ठिकाणी जखडलेला आणि पुढे शॅकलवर (हलत्या कडीवर) लोंबता. खडकात, नाल्यात गाडी घालणारे असा एकच बार मध्याजवळ लावतात आणि त्यांच्यासाठी तोच बरोबर. पण शिडीचे दोन बार दोन बाजूंना लावलेत तर गाडी एका अंगावर झुकली की हाऊसिंगलाच पीळ पडतो.

हायवेवर ट्रेलर ओढणाऱ्यासाठी तिसरा प्रकार, दोन्ही बाजूंना एकेक लांब सरळ पाइप, एक टोक हाऊसिंगच्या खाली, दुसरं पुढे चासीला, आणि दोन्ही टोकं फिरती. मी हेच केलं, पुढचं सगळं याबद्दलच आहे.

बारची लांबी शाफ्टच्या लांबीच्या जितकी जवळ तितकं चांगलं, आणि गाडी जमिनीवर सरळ उभी असताना बार जवळजवळ आडवा हवा. का, तर ६० इंचाचा आडवा बार असेल आणि चाक ३ इंच खाली-वर झालं तर बारचं टोक पुढेमागे एक इंचाच्या तेराव्या भागाएवढंसुद्धा सरकत नाही. तोच बार ३० इंचाचा, वरून तिरका लावलेला असेल, तर प्रत्येक खड्ड्यात तो हाऊसिंग ओढणार आणि पाटा आणि बार एकमेकांशी भांडत बसणार.

४. सामान आणि हत्यारं

- पाइप: डीओएम प्रकारचा (साच्यावरून ओढून नेमक्या मापाचा केलेला), बाहेरून २ इंच, जाडी पाव इंच. प्लंबिंगचा किंवा गॅल्व्हनाइज्ड पाइप चालणार नाही.
- हाऊसिंगच्या बाजूला हाइम जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा), पाऊण इंची, १६ आट्यांचा, क्रोमोलीचा, त्याचा चेकनट, मिसअलाइनमेंट स्पेसर (सांध्याला तिरकं व्हायला जागा देणाऱ्या रिंगा) आणि पाइपच्या तोंडात वेल्ड करायचा आट्यांचा गट्टू.
- चासीच्या बाजूला पॉलियुरेथेनचे बुश आणि त्यांच्या नळ्या. दोन्हीकडे हाइम लावले तर आवाज फार येतो, आणि जिथे रस्त्यावर मीठ टाकतात तिथे ते लवकर जातात.
- ब्रॅकेटसाठी प्लेट: हाऊसिंगला ३/८ इंच, चासीला पाव इंच आणि आतून आधाराला तेवढीच जाड पट्टी.
- बोल्ट ग्रेड ८ चे, ५/८ इंची (ग्रेड ८ च्या डोक्यावर सहा रेषा असतात, बघून घ्या), लॉकनटसकट.
- २२० व्होल्टचा मिग वेल्डर, ग्राइंडर, चांगलं ड्रिल, टॉर्क रेंच, डिजिटल कोनमापक, मजबूत जॅक स्टँड चार, आणि आग विझवायचा बंबा. बंबा हाताशी.

पाइप एवढा जाड कशाला, असं मलाही वाटलं होतं. हिशोब करून बघितला. बार आणि पाट्यात उभं अंतर १० इंच धरलं तर ६,००० पाउंड-फुटाला दोन्ही बारवर मिळून ७,२०० पाउंड दाब येतो, म्हणजे एकेकावर ३,६००. ६० इंच लांब, पावणेदोन इंची, ०.१२० इंच जाडीचा पाइप साधारण १६,००० पाउंडाला वाकतो, म्हणजे तोही सुटला असता. पण खड्ड्यातले दणके आणि खाली घासून पडणारे पोचे धरून मी जाड घेतला. पाइपला एकदा पोचा पडला की त्याची ताकद कागदावरची राहत नाही.

माझं सगळं सामान साडेतीनशे डॉलरच्या आत आलं, हत्यारं सोडून.

५. कागदपत्रं आणि परवानग्या

याला फार वेळ लागत नाही पण करा. गाडी लीजवर असेल तर हात लावू नका. लोनवर असेल तर करार वाचा. इन्शुरन्सवाल्यांना फोन करून बदल सांगा आणि त्यांचं उत्तर ईमेलवर घ्या. तुमच्या राज्यात दरवर्षी सेफ्टी इन्स्पेक्शन असेल तर तिथे आधीच विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, बाहेरचा पार्ट लावला एवढ्याच कारणाने सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही, पण तुमच्या पार्टमुळेच बिघाड झाला तर ते हात वर करू शकतात. सामानाच्या पावत्या आणि कामाचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये असलं काम बहुतेक ठिकाणी चालत नाही, मी एका मित्राच्या घरच्या गराजमध्ये केलं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते स्पष्ट केलंय. त्यामुळे तिथे रस्त्यावरच्या गाडीला हे बघून करू नका.

६. गाडी स्वतःच्या वजनावर उभी ठेवून माप घ्या

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. माझी पहिली जोडी मी चासीखाली स्टँड लावून, हाऊसिंग खाली लोंबत असताना बनवली. खाली झोपायला जागा भरपूर मिळाली, काम पटापट झालं. गाडी खाली घेतली आणि चाकांवर वजन आलं तसे बार ताणात गेले, नाकाचा कोन बदलला, आणि ताशी ५५ मैलांच्या पुढे सीटखाली बारीक घरघर सुरू झाली. अख्खे ब्रॅकेट ग्राइंडरने कापून परत सुरुवात करावी लागली. दोन वीकेंड गेले.

तर स्टँड हाऊसिंगखाली लावा, पाटे दबलेले राहिले पाहिजेत. किंवा चारही चाकं रॅम्पवर चढवा. टायरची हवा बरोबर, जमीन सपाट, टाकी निम्मी. ट्रेलर नेहमीच ओढत असाल तर हिचवर (ट्रेलर जोडायच्या हुकवर) तेवढं वजन ठेवूनही एकदा माप घ्या आणि दोन्हींच्या मधलं धरा.

आता नाकाचा कोन. एक तुकड्याचा शाफ्ट असेल तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरबॉक्सचं) तोंड आणि डिफरन्शियलचं नाक समांतर, फक्त नाक एक-दोन अंश खाली. जोर आला की ते वर येऊन समांतर होतं. बार लागल्यावर नाक फार उचलत नाही, म्हणून मी एकच अंश ठेवला. शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंग असलेला असेल तर मागच्या तुकड्याच्या हिशोबाने बघा. सगळे आकडे वहीत लिहा, कामाच्या शेवटी हेच आकडे परत आले पाहिजेत.

७. ब्रॅकेट

आधी पुठ्ठ्याचे करा. खरंच, खोक्याचा पुठ्ठा कापून हाऊसिंगखाली धरून बघा, हँडब्रेकची केबल, ब्रेकची नळी, एक्झॉस्ट, शॉकॲब्सॉर्बर, काय काय आड येतंय ते कळतं. बोल्टच्या दोन्ही बाजूंना प्लेट हवी, एका बाजूला लोंबणारा बोल्ट नको.

हाऊसिंगच्या बाजूला वेल्डिंग फक्त पोलादी नळीवर. मधला फुगीर गोळा बिडाचा असतो, त्याला साधं वेल्ड केलं की तडा जातो. आधी चार टाके (छोटे ठिपक्याएवढे वेल्ड) मारा, माप परत तपासा, मग इंच-इंचाचे तुकडे, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. एका दमात पूर्ण वेल्ड ओढली तर नळी वाकते आणि आतले सील भाजतात. पाणी मारून थंड करू नका.

चासीच्या बाजूला मी वेल्डिंग केलंच नाही, बोल्ट मारले. एक कारण असं की चासीच्या वरच्या-खालच्या कडांना भोक किंवा वेल्ड नको असते, भोकं मधल्या उभ्या भागात पाडायची. दुसरं कारण त्याहून मोठं: या गाड्यांत डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या बाजूला चासीला अगदी लागून असते. ड्रिल मारतानासुद्धा पलीकडे काय आहे ते हात घालून चाचपा, टाकी खाली उतरवता आली तर उतरवा.

वेल्डिंगआधीची यादी, यातलं एकही चुकवू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा, करंट बेअरिंगमधून जाता कामा नये. एबीएसच्या वायरी आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला बांधा. जस्ताचा थर असलेलं काहीही वेल्ड करू नका. आणि जागा स्वच्छ करायला क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर कधीच वापरू नका, तो वेल्डिंगच्या झोतात आला की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो, त्याने माणूस मरू शकतो. वायर ब्रश आणि ॲसिटोन, आणि ॲसिटोन पूर्ण उडून गेल्यावरच आर्क.

वेल्डिंगचा हात बसलेला नसेल तर लाज वाटून घेऊ नका. टाके मारून गाडी चांगल्या वेल्डरकडे न्या, तासाभराचं काम आहे.

८. पाइप कापणं आणि बसवणं

दोन्ही ब्रॅकेट बसले की भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत माप घ्या, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं, ते क्वचितच सारखं येतं. त्यातून बुश आणि जॉइंटची लांबी वजा करा. जॉइंट अर्ध्यापर्यंत आत फिरवलेला धरा म्हणजे नंतर दोन्हीकडे सोय राहते, पण आत किमान सव्वा इंच आटे पकडलेले हवेतच.

बुशची नळी आणि गट्टू वेल्ड करून बार थंड झाला की बसवा. पुढचा बोल्ट आधी घाला, मग हाइम एकेक फेरा फिरवत माप जुळवा. एक फेरा म्हणजे १/१६ इंच, त्यामुळे अर्ध्या फेऱ्यानेसुद्धा फरक पडतो. बरोबर जुळलं ते असं ओळखायचं: मागचा बोल्ट अंगठ्याने ढकलला की सरळ आत गेला पाहिजे. हातोडी लागली, पहार घालून ओढावं लागलं, तर लांबी चुकलेली आहे. बरेच जण मुद्दाम ताणात बसवतात, म्हणजे घट्ट राहील असं वाटतं. बार स्वस्थ उभ्या गाडीत काहीच काम करत नसला पाहिजे, गाडीचं वजन पाट्यावरच राहिलं पाहिजे.

बोल्टच्या आट्यांवर जोर येऊ देऊ नका, ब्रॅकेटमध्ये बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा. मग टॉर्क रेंचने बोल्ट कसून घ्या, चेकनट आवळा, कोन परत मोजा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा.

रंग लगेच मारा, वेल्डच्या कडेला गंज एका पावसात धरतो.

९. तपासणी

चासीखाली जॅक लावून हाऊसिंग पूर्ण खाली लोंबू द्या, बार कुठे अडकतो का बघा. मग एका मागच्या चाकाखालीच जॅक लावून ते वर उचला, गाडी वाकडी झाली की टाकीचा पट्टा आणि एक्झॉस्ट यांच्यापासून किमान बोटभर अंतर राहिलं पाहिजे. मग पहिल्या स्टेपसारखाच व्हिडिओ परत काढा. माझ्या जुन्या व्हिडिओत नाक सरळ उचललेलं दिसतं, नव्यात पाटा जवळजवळ जागेवरच राहतो.

पहिली चक्कर रिकामी, गल्लीतल्या गल्लीत. खटका येत असेल तर बोल्ट ढिला किंवा ब्रॅकेटचं भोक मोठं. फक्त वेगात घरघर येत असेल तर कोन चुकलाय. खड्ड्यात गाडी आधीपेक्षा कडक उडाली तर बार ताणात आहे, हाइम अर्धा फेरा इकडेतिकडे करून बघा.

१०० मैलांनी सगळे बोल्ट परत कसून घ्या, यू बोल्टसुद्धा, आणि ५०० मैलांनी परत एकदा. त्यानंतर प्रत्येक नटावर आणि शेजारच्या प्लेटवर मिळून पिवळ्या पेंटने एक सरळ रेघ ओढून ठेवा. ऑइल बदलायला गाडीखाली जाल तेव्हा टॉर्च मारायचा, रेघ तुटलेली दिसली म्हणजे तो नट फिरलाय.